गवयांना पोशाख देणारा शिंपी

मैफलीतला गवई आधी दिसतो आणि मग ऐकू येतो. तंबोरे जुळत असतात तेवढ्या वेळात श्रोत्यांची नजर त्याच्या अंगरख्यावरून, पागोट्यावरून आणि खांद्यावरच्या शालजोडीवरून फिरून आलेली असते. ही गोष्ट आपल्याकडच्या संस्थानिकांना चांगली ठाऊक होती. म्हणूनच गुणीजनांना बिदागी देताना ते तिच्यासोबत पोशाखही देत. तो पोशाख म्हणजे नुसते कापड नव्हते. हा मनुष्य गुणी आहे, अशी दरबाराने चारचौघांत दिलेली ती ग्वाही होती.

परंतु ज्या मुलखात राजाच नाही आणि दरबारही नाही, तेथे गवयाला पोशाख कोणी द्यावा? विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत ह्या प्रश्नाचे उत्तर एका शिंप्याने दिले. त्याने गवयांना पोशाख दिले. बहुतेकांना भरपूर दाम घेऊन, तर एखाद्याला अगदी फुकट. त्यातून पुरुषांच्या रंगीबेरंगी कपड्यांचे असे एक दुकान उभे राहिले, की दुकानदाराचे नाव त्या कपड्यांच्या प्रकारालाच चिकटले. त्या शिंप्याचे नाव न्यूडी कोहन. आजही अमेरिकेत कोणी भरतकामाने आणि चमकत्या खड्यांनी मढवलेला कोट घालून रंगमंचावर आला, तर जाणकार त्याला न्यूडी सूट म्हणतात.

कीव्हचा पोरगा

न्यूडीचे मूळ नाव नुता कोटल्यारेंको. १५ डिसेंबर १९०२ रोजी कीव्ह शहरी एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. कीव्ह त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. त्या साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले, लुटालूट आणि कत्तली असे प्रकार वरचेवर होत. १९०५ साली खुद्द कीव्हमध्येच अशी भीषण दंगल झाली. पोरांचा जीव वाचावा म्हणून आईबापांनी नुताला वयाच्या अकराव्या वर्षी त्याच्या भावाबरोबर अमेरिकेस धाडून दिले. स्वतःच्या पोटच्या पोरांना समुद्रापार पाठवताना त्यांची काय अवस्था झाली असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

अमेरिकेच्या बंदरावर उतरणाऱ्यांची नावे लिहून घेणाऱ्या कारकुनाला नुता हे नाव नीट उमगले नाही आणि त्याने न्यूडी असे काहीतरी लिहिले, अशी हकीकत तो पुढे सांगत असे. इंग्रजीत हे नाव ऐकताच उघड्यानागड्या माणसाची आठवण व्हावी असा त्याचा उच्चार आहे. ज्याचे सारे आयुष्य लोकांच्या अंगावर कपडे चढवण्यात जायचे होते, त्याला नेमके हेच नाव मिळावे, हा योग मोठा गमतीचा. न्यूडीने ते नाव टाकून दिले नाही. उलट पुढे दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत मिरवले.

सुरुवातीची वर्षे हलाखीत गेली. त्याने रस्त्यावर लोकांचे बूट पुसले, मुष्टियुद्धाच्या आखाड्यात उतरून ठोसे खाल्ले, आणि काम मिळेल त्या गावी भटकंती केली. ह्या काळात नामचीन दरोडेखोरांशी आपली ऊठबस होती, असेही तो रंगवून सांगे. न्यूडीला गोष्टी सांगण्याचा भारी नाद. त्या गोष्टींतला रंग पक्का किती आणि कच्चा किती, हे पारखून घेणे भाग आहे. एवढे मात्र खरे, की कात्री आणि सुई ही त्याची विद्या होती आणि भटकंतीत तीच त्याच्या उपयोगी पडत राहिली.

मिनेसोटा प्रांतात त्याची हेलन क्रूगर हिच्याशी गाठ पडली. तिला सगळे बॉबी म्हणत. १९३४ साली दोघांचे लग्न झाले आणि ती दोघे न्यूयॉर्कला आली. तेथे त्यांनी आपले पहिले दुकान थाटले. गिऱ्हाईक म्हणजे नाटकगृहांतून नाचणाऱ्या पोरी. माल म्हणजे त्यांची रंगमंचावरची तोकडी, चमकदार वस्त्रे. प्रतिष्ठित शिंप्याने नाक मुरडावे असेच हे काम. पण दिव्यांच्या झोतात कोणते कापड जिवंत होते आणि कोणते मरते, हे शिकण्याची ह्याहून चांगली शाळा दुसरी कोणती असणार? पुढे सबंध आयुष्यभर न्यूडीने जे केले, त्याची मुळाक्षरे त्याने येथे गिरवली.

काळ्या सुटांच्या देशात

येथे थोडे थांबून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्याकडे पुरुषाने रंगीत पागोटे, जरीकाठी उपरणे किंवा किनखापी अंगरखा घालणे ह्यात कोणाला कधी वावगे वाटले नाही. युरोपातही अठराव्या शतकापर्यंत सरदार मंडळी रेशमी, भरजरी कोट मिरवीत. पुढे मात्र तेथील पुरुषांनी रंग अंगावरून उतरवून ठेवला. काळा, करडा, फार तर गडद निळा असा सूट, ही सभ्यतेची खूण ठरली. न्यूडी अमेरिकेत आला तेव्हा शहाण्या पुरुषाने रंगीत कपड्यांच्या वाटेस जाऊ नये, असाच तेथला रिवाज होता.

ह्या रिवाजाला एका बाजूने खिंड पडली होती. ती पाडली घोडेस्वार गुराख्यांच्या चित्रपटांनी. खरा गुराखी धुळीने माखलेला असे. पण पडद्यावरचा गुराखी हातात गिटार घेऊन गाऊ लागला आणि त्याचे कपडे झकपक होऊ लागले. १९३० नंतरच्या दशकात जीन ऑट्री, रॉय रॉजर्स असे गाणारे गुराखी लोकांच्या गळ्यातील ताईत झाले. त्यांचे कपडे शिवणारे फिलाडेल्फियाचे रोडिओ बेन आणि कॅलिफोर्नियाचे नेथन टर्क हेही न्यूडीसारखेच पूर्व युरोपातून आलेले ज्यू शिंपी होते. अमेरिकेचा म्हणून जगभर ओळखला जाणारा गुराख्याचा थाट परमुलखातून जीव घेऊन आलेल्या अशा कारागिरांच्या हातून सजला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पूर्व युरोपातील खेड्यांत सणावाराच्या कपड्यांवर जे फुलापानांचे भरतकाम असते, त्याचीच छाया ह्या कोटांवर पाहणाऱ्यांना दिसते.

एका घोड्याचे मोल

१९४० नंतरच्या सुरुवातीच्या काही वर्षांत न्यूडी आणि बॉबी कॅलिफोर्नियात आली. दुकान घेण्याची ऐपत नव्हती. मोटार ठेवण्याच्या खोलीत बसून न्यूडी शिवणकाम करी. मनात कल्पना पुष्कळ होत्या. धड शिवणयंत्र मात्र नव्हते.

१९४७ साली तो टेक्स विल्यम्स ह्या गायकाकडे गेला. टेक्स तेव्हा भरात होता. सिगारेटच्या व्यसनावरचे त्याचे एक विनोदी गाणे त्याच वर्षी देशभर गाजले होते. न्यूडीने त्याला गळ घातली, की मला एक यंत्र घेऊन दे, मी तुझ्या सबंध ताफ्याचे कपडे शिवून देतो. टेक्सने आपला एक घोडा विकला आणि त्या पैशातून न्यूडीला शिवणयंत्र घेऊन दिले.

न्यूडीच्या साऱ्या व्यापाराचे भांडवल ते एवढेच. ना सावकार, ना पेढी. एका गवयाने एका शिंप्याच्या हातावर विश्वास टाकला, आणि तोही आपल्या दारचा घोडा विकून. न्यूडी पुढे गवयांना पोशाख देत गेला त्याचे मूळ मला येथे दिसते. पहिले दान गवयाचेच होते.

टेक्सच्या ताफ्याचे कपडे लोकांच्या डोळ्यांत भरले आणि मागण्या येऊ लागल्या. १९५० साली उत्तर हॉलिवुडमध्ये न्यूडीज ऑफ हॉलिवुड ह्या नावाचे दुकान उघडले. १९६३ साली ते लँकरशिम बुलेव्हार्ड ह्या रस्त्यावरील ऐसपैस जागेत गेले आणि त्याचे नाव न्यूडीज रोडिओ टेलर्स असे झाले. आपल्या नावाशी खेळ करीत न्यूडीने कपड्यांच्या आत शिवायच्या चिठ्ठीवर दोरखंड फिरवणाऱ्या एका विवस्त्र तरुणीचे चित्र घातले होते. पुढे लोकलाजेस्तव त्या चित्रातल्या तरुणीलाही त्याला कपडे घालावे लागले. दुकानाचा व्यवहार बॉबी पाही. न्यूडीच्या डोक्यात चित्रे आणि तोंडात गोष्टी. बॉबीच्या हाती हिशेब. अशा जोडीवाचून दुकान चालत नाही.

कोटावर लिहिलेली माणसे

न्यूडीचा सूट म्हणजे काय, हे ज्याने पाहिला नाही त्याला थोडे समजावून सांगितले पाहिजे. कापड बहुधा गॅबर्डिनचे. दाट विणीचे, घडी न मोडणारे आणि भरतकामाचा भार सोसणारे. रंग पीच, गुलाबी, फिरोजी, पिवळाधमक, पांढराशुभ्र. खांद्यावर वेगळ्या कापडाचा पट्टा, कडांना गोट, आणि त्यावर यंत्राने घातलेल्या साखळीटाक्याचे भरतकाम. ह्या सर्वांवर कडी म्हणून काचेचे चमकते खडे. इंग्रजीत त्यांना ऱ्हाइनस्टोन म्हणतात. ऱ्हाइन नदीच्या काठी सापडणाऱ्या चकाकत्या गारगोट्यांवरून हे नाव पडले. नंतर तसे खडे काचेचे होऊ लागले. हिऱ्यापुढे त्यांना मोल नाही. पण मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला हिरा काय आणि काच काय! दिव्याचा झोत पडताच गवयाच्या अंगावरून शेकडो ठिणग्या उडाव्यात आणि त्याचे तोंड दिसले नाही तरी तो कोठे उभा आहे हे कळावे, एवढे काम ते खडे चोख बजावीत.

न्यूडीची खरी कल्पकता मात्र चकाकीत नव्हती. तो ज्याचा कोट शिवी, त्याचे नाव, त्याचे गाणे, त्याची खोड त्या कोटावर काढी. पोर्टर वॅगनर हा असाच एक गायक. त्याच्या आडनावातच इंग्रजी गाड्याचा शब्द दडलेला. १९६२ साली न्यूडीने त्याच्यासाठी पीच रंगाचा सूट शिवला, पाठीवर छप्पर घातलेला गाडा काढला, पायांवर गाड्याची चाके काढली, आणि तो त्याला बक्षीस देऊन टाकला. हे औदार्य आंधळे नव्हते. वॅगनर हा दूरचित्रवाणीवर घरोघर दिसणारा माणूस. तो हा सूट घालून उभा राहिला की आपल्या दुकानाची जाहिरात आपोआप होते, हा न्यूडीचा हिशेब. तो हिशेब किती बरोबर ठरला पाहा. वॅगनरने पुढे सांगितले त्याप्रमाणे त्याच्याकडे न्यूडीचे ५२ सूट जमले, आणि त्यांची किंमत प्रत्येकी अकरा हजार ते अठरा हजार डॉलर होती.

हँक विल्यम्स ह्या थोर गायकासाठी न्यूडीने पांढरा सूट शिवला आणि त्याच्या बाह्यांवर स्वरलिपीची चिन्हे काढली. हँक हा अलाबामाच्या गरीब घरातला. त्याची गाणी सबंध अमेरिकेने डोक्यावर घेतली. पण त्याला स्वरलिपी अशी लिहितावाचता येत नव्हती. विद्यार्थ्यांकडून स्वरलिपी घोटून घेण्यात माझी हयात चालली आहे, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते. जी विद्या त्याच्या डोळ्यांना अपरिचित होती, ती शिंप्याने त्याच्या बाहीवर मांडली. जणू हा मनुष्य न वाचताच पंडित आहे, अशी ग्वाही दिली. हँक १ जानेवारी १९५३ रोजी वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी वारला.

१९५७ साली एल्विस प्रेस्ली ह्या तरुण गायकासाठी न्यूडीने सोनेरी सूट केला. त्याची किंमत दहा हजार डॉलर म्हणून गाजवण्यात आली. एल्विसला तो मनापासून आवडला नव्हता. थोड्याच दिवसांत त्याने सोनेरी विजार टाकली आणि काळ्या विजारीवर नुसता कोट घालू लागला. पण १९५९ साली त्याच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तो सोनेरी सूट छापला गेला आणि न्यूडीचे काम जगभर पोहोचले. रॉय रॉजर्स आणि त्याची पत्नी डेल इव्हान्स ही तर दुकानाची कायमची गिऱ्हाइके आणि घरोब्यातली माणसे.

झगमगाटाची दुसरी बाजू

पोशाख माणसाची ग्वाही देतो, तसा तो कधी त्याची कुंडलीही मांडतो. ग्रॅम पार्सन्स ह्या तरुण गायकाने न्यूडीच्या दुकानात एक पांढरा सूट करवून घेतला. तो तयार केला दुकानातील मुख्य कारागीर मॅन्युएल क्वेव्हास ह्याने. मॅन्युएल मेक्सिकोचा; ह्या दुकानातून बाहेर पडल्यावर त्याने स्वतःचेही मोठे नाव केले. ग्रॅमच्या सुटावर अफूची फुले होती, गांजाची पाने होती, नशेच्या गोळ्या होत्या, विजारीवरून वर चढणाऱ्या ज्वाळा होत्या आणि पाठीवर क्रूस होता. १९६९ साली त्याच्या ताफ्याच्या ध्वनिमुद्रिकेवर हे चित्र झळकले. लोकांना ती तरुणाईची मस्ती वाटली. १९७३ च्या सप्टेंबरात ग्रॅम नशेच्या अतिरेकाने मरण पावला. वय अवघे २६. तो सूट आज नॅशव्हिल येथील संग्रहालयात काचेआड उभा आहे. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्याला टाक्यांची वाहवा करावी की हळहळावे, हे समजत नसेल.

ह्या बाबतीत दोष शिंप्याचा नव्हे. पण झगमगीत पोशाखाचा एक धोका असतो, तो ह्यातून दिसतो. आत गाणारा माणूस शाबूत असेल तोवर पोशाख त्याची सेवा करतो. तो खचला की पोशाख त्याला मिरवीत राहतो. १९७९ साली आलेल्या एका चित्रपटात हीच गोष्ट कथेच्या रूपाने आली. रॉबर्ट रेडफोर्ड त्यात एकेकाळच्या नामांकित घोडेस्वाराच्या भूमिकेत आहे. दिवे लावलेला सूट घालून तो एका खाद्यपदार्थाची जाहिरात करीत हिंडतो, आणि एक दिवस हे सारे असह्य होऊन तो घोड्यासह निघून जातो. तो दिव्यांचा सूट न्यूडीनेच शिवलेला होता.

दोन पायांत दोन बूट

न्यूडीचा स्वतःचा थाटही काही कमी नव्हता. नखशिखान्त भरतकामाचे कपडे, डोक्यावर रुंद हॅट, हातात मँडोलिन. हे वाद्य तो हौसेने वाजवी. दुकानात गवई जमले की मैफल झडे. त्याने आपल्या मँडोलिनवादनाची एक ध्वनिमुद्रिकाही काढली. त्याच्या मोटारी तर पाहण्यासारख्या: समोर बैलाची लांब शिंगे, दारांना मुठीऐवजी पिस्तुले, आत चांदीचे डॉलर जडवलेले आणि बैठकींवर नक्षीचे चामडे. अशी मोटार रस्त्याने गेली की निराळ्या जाहिरातीची गरजच नव्हती.

पण त्याच्या पायांकडे पाहणाऱ्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसे. दोन पायांत दोन निरनिराळ्या जोडांचे बूट असत. पाहुण्यांना तो विदूषकी चाळा वाटे. न्यूडी मात्र त्याचे कारण सांगत असे. एके काळी एका जोडाचे दोन बूट पायांत घालण्याची आपली ऐपत नव्हती, त्या दिवसांचा विसर पडू नये म्हणून तो हे करी.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरच्या ट्रंकेची आठवण झाली. वडिलांचा दरबारी पोशाख त्या ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात घडी घालून ठेवलेला असे. वर्षातून एखाद्या प्रसंगी तो बाहेर निघे. एरवी वडील कोपरावर ठिगळ लावलेल्या सदऱ्यात रियाझाला बसत. लहानपणी मला त्या सदऱ्याची लाज वाटे. एकदा मी आईला विचारलेही, की असा सुरेख अंगरखा असताना वडील हे ठिगळ का घालतात? तिने उत्तर दिले नाही. सदरा उन्हात वाळत टाकला. आज वाटते, की तो सदरा आणि तो अंगरखा मिळून एकच पोशाख होता. नुसता अंगरखा पाहणाऱ्याला वडील अर्धेच दिसले.

न्यूडीने आपले दोन्ही पोशाख एकाच अंगावर घातले. वर जर आणि खाली विजोड बूट. कीव्हहून जीव मुठीत घेऊन आलेले पोर आणि हॉलिवुडचा नामांकित शिंपी, ह्या दोघांपैकी कोणालाही त्याने ट्रंकेत बंद करून ठेवले नाही. शेतांतून, गिरण्यांतून, दरिद्री खेड्यांतून आलेल्या गायकांना हाच शिंपी आपला का वाटला, ह्याचे उत्तर मला ह्यात सापडते. त्यांच्या पायांतले बूट कोणत्या जोडाचे होते हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही त्यांना राजासारखे उभे करण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

९ मे १९८४ रोजी कॅलिफोर्नियात न्यूडीचे निधन झाले. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीचे भाषण डेल इव्हान्सने केले. बॉबीने नातीच्या मदतीने आणखी दहा वर्षे दुकान चालवले आणि १९९४ साली ते बंद झाले. त्याने शिवलेले कोट आता संग्रहालयांत आहेत आणि हौशी लोक त्यांच्यासाठी मोठ्या किमती मोजतात.

मोठमोठ्या पेढ्यांच्या मानाने न्यूडीचे दुकान लहानच. त्याच्या शाखा निघाल्या नाहीत. तरी जेथे जेथे एखादा गवई दिव्यांच्या झोतात रंगीत कोट घालून उभा राहतो, तेथे त्या दुकानाचे काहीतरी शिल्लक आहे. न्यूडीचे नाव घेणाऱ्याने त्यासोबत टेक्स विल्यम्सच्या त्या विकलेल्या घोड्याचीही आठवण ठेवावी. पहिला टाका त्याच्या मोलाने पडला.